इस्पितळाच्या कागदावरील शब्द

(देवस्थानाच्या वर्धापनदिनी सभामंडपात महाजन व कुळावी मंडळींपुढे झालेल्या व्याख्यानाची संहिता)



फोंडे महालातील एका गावी एक वयोवृद्ध गृहस्थ राहतात. नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. घरात त्यांना सर्वजण भाऊ म्हणतात, तेव्हा येथेही भाऊच म्हणावे. सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन त्यांना वीस वर्षे लोटली. मुलगे मार्गी लागले, मुलगी उजवली, कुळागर बऱ्यापैकी पिकते आणि सोमवारची पालखी सहसा चुकत नाही. असा हा समाधानी माणूस एकदा सहज म्हणून तपासणीला गेला असता डॉक्टरांनी कागदावर ‘हायपरटेन्शन’ असा शब्द लिहिला आणि रोज एक गोळी घेण्यास सांगितले. भाऊंनी दोन महिने गोळी घेतली व नंतर सोडून दिली. काकूंनी विचारले तेव्हा ते हसून म्हणाले, “अगो, हे औषध टेन्शनवरचे. मला कसले आले आहे टेन्शन? पेन्शन वेळेवर येते, रात्री डोके टेकताच झोप लागते. ज्याला काळजी त्याने गोळी घ्यावी.” हे उत्तर घरातल्या कोणालाही चुकीचे वाटले नाही. उलट आल्यागेल्याला ते कौतुकाने सांगितले जाऊ लागले.

पुढे चवथीच्या आदल्या दिवशी माटोळी बांधताना भाऊंच्या उजव्या हातातून नारळ निसटला. कोणीतरी काही विचारले, तर उत्तर देण्यास तोंड उघडले पण शब्द येईना, आणि ओठाची एक बाजू खाली ओघळली.

भाऊंनी औषध सोडले ते आळसाने नव्हे किंवा पैशाअभावीही नव्हे. त्यांनी एका शब्दाचा अर्थ लावला आणि त्या अर्थाला धरून अगदी तर्कशुद्ध वागले. अर्थच तेवढा चुकला होता. वैद्यकातील शब्दांचे अर्थ घरच्या माणसांना ठाऊक असण्याची निकड एवढ्या एका उदाहरणावरून ध्यानात यावी.

लॅटिन भाषेत ताणणे ह्या अर्थाचे एक क्रियापद आहे, त्यापासून ‘टेन्शन’ हा शब्द निघाला. वैद्यकात हा ताण मनाचा नसून रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर रक्ताचा जो रेटा पडतो त्याचा होय. पोर्तुगीज शिकलेल्या जुन्या मंडळींना ‘तेंसांव आर्तेरियाल’ हा शब्दप्रयोग आठवत असेल. त्यात धमनीचा स्पष्ट उल्लेख असल्याने गैरसमजाला वाव कमी होता. इंग्रजीतला शब्द मात्र एकटाच आला, आणि तोवर ‘टेन्शन’ हा शब्द काळजी ह्या अर्थाने घरोघर रुळून गेला होता. मराठीतील ‘रक्तदाब’ हा शब्द त्या मानाने कितीतरी प्रामाणिक. काळजीने दाब काही काळ वाढतो हे खरे, परंतु ज्याच्या मनाला कसलाही घोर नाही अशा माणसाचाही दाब वर्षानुवर्षे चढलेला असू शकतो. त्याने बहुधा डोके दुखत नाही की घेरीही येत नाही. म्हणून तर तो मोजावा लागतो.

मोजण्याची हकिगत मनोरंजक आहे. स्टीफन हेल्स नावाच्या एका इंग्रज पाद्र्याने एका घोडीच्या धमनीत काचेची उभी नळी जोडून पाहिली, तेव्हा रक्त आठ फुटांहून अधिक उंच चढले. हा प्रयोग त्याने १७३३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. माणसावर असा प्रयोग करणे शक्य नव्हते. पुढे १८९६ मध्ये रिवा-रोची ह्या इटालियन वैद्याने दंडाला बांधावयाचा फुगवता पट्टा तयार केला, आणि १९०५ मध्ये कोरोत्कोव्ह ह्या रशियन शल्यविशारदाने पट्ट्याखाली नळी लावून धमनीतील ठोके ऐकण्याची रीत सांगितली. डॉक्टर १२०/८० असे जे लिहितात त्यातील वरचा आकडा हृदय आकुंचन पावते त्या क्षणीच्या रेट्याचा, खालचा ते सैल पडते त्या क्षणीचा. आकडा पाऱ्याच्या मिलिमीटरांत असतो, म्हणजे तेवढा उंच पारा तोलून धरील इतका तो रेटा. डॉक्टरांकडे निरनिराळ्या दिवशी घेतलेला दाब १४०/९० किंवा त्याहून अधिक भरू लागला, की बहुतेक डॉक्टर त्यास ‘हायपरटेन्शन’ म्हणतात. गोळी चालू असताना आकडा ठीक आला, तर तो गोळीमुळे ठीक आला असे समजावे. त्याच आकड्याच्या भरवशावर गोळी सोडणारे भाऊंसारखेच पुष्कळ.

भाऊंना इस्पितळातून घरी पाठविताना जो कागद मिळाला, त्यावर तीन नवे शब्द होते : ‘हेमिपॅरेसिस’, ‘अफेझिया’ आणि ‘इस्केमिक’. ह्या तीन शब्दांनी घरात जो गोंधळ माजविला तो दुखण्याहून फार कमी नव्हता.

‘हेमि’ म्हणजे अर्धे. ग्रीक भाषेतला हा शब्द आणि संस्कृतातील ‘सामि’ हे सख्खे भाऊ, दोहोंचा अर्थ एकच. ‘प्लेजिया’ हा शब्द आघात ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला. म्हणजे ‘हेमिप्लेजिया’ म्हणजे अर्ध्या अंगावरचा घाव. संस्कृत वैद्यकातील ‘पक्षाघात’ शब्द फोडून पाहावा : पक्ष म्हणजे बाजू, आघात म्हणजे घाव. इंग्रजीत ह्या दुखण्याला जो ‘स्ट्रोक’ म्हणतात त्याचाही अर्थ तडाखाच. आपल्या बोलीत मात्र ‘अंगावरून वारे गेले’ म्हणतात, कारण आयुर्वेदाने हा वायूचा प्रकोप मानला.

परंतु भाऊंच्या कागदावर ‘प्लेजिया’ नव्हते, ‘पॅरेसिस’ होते. त्याचा मूळ अर्थ सैल पडणे. वैद्यकात पहिल्याने संपूर्ण लुळेपणा दाखवितात, दुसऱ्याने अशक्तपणा. कागद लिहिणाऱ्या डॉक्टरांनी ह्या एका शब्दात आशेची जागा ठेवली होती. घरी कोणी तरी तो वाचून ‘पक्षाघात’ असे भाषांतर केले, मुंबईच्या मुलाला दूरध्वनीवरून तेच कळविले, आणि ‘आता भाऊ अंथरुणाला खिळले’ असे सर्वांनी मनोमन ठरवून टाकले. सांगितलेले व्यायाम तीन आठवडे सुरूच झाले नाहीत. अखेर मुलगी सासरहून आली, तिने व्यायाम शिकविणाऱ्या बाईंना घरी बोलावले, आणि त्या बाईंनी दोन शब्दांतला फरक काकूंना समजावून सांगितला. आज भाऊ काठी टेकीत देवळाच्या पायऱ्या चढतात. ते तीन आठवडे वाया गेले नसते तर आणखी काय साधले असते, हे सांगणे कठीण.

‘अफेझिया’तील ‘अ’ हा नकाराचा, जसा ‘अज्ञान’ ह्या शब्दातला. उरलेला भाग वाणीचा. मेंदूतील भाषेची जागा दुखावल्याने बोलणे, कित्येकदा समजणे, वाचणे, लिहिणे बिघडते, त्याला हे नाव. ह्यात बुद्धी गेली असे मुळीच म्हटलेले नाही. भाऊंना बरेचसे समजत होते, केवळ शब्द सापडत नव्हता. तरीही आल्यागेल्याने त्यांच्या देखत त्यांच्याविषयी असे बोलावे, की जणू ते खोलीत नाहीतच. काकू सांगतात, डोळ्यांतून पाणी आले ते दुखण्याने नव्हे, एका नातेवाईकाने जमिनीच्या वाटणीचा विषय त्यांच्या उशाशी काढला त्या दिवशी.

तिसरा शब्द ‘इस्केमिक’. ‘हीम’ अथवा ‘ईमिया’ म्हणजे रक्त, आणि आधीचा भाग अडविण्याचा. रक्त अडल्यामुळे झालेला विकार तो इस्केमिक. ह्याच्या उलट ‘हेमरेज’, म्हणजे रक्त फुटून वाहणे. दोहोंत बाहेरून दिसणारी लक्षणे सारखीच असू शकतात, उपचार मात्र परस्परविरोधी. एकात गाठ विरघळवावयाची, तर दुसऱ्यात रक्त थांबवावयाचे. म्हणून डॉक्टर प्रथम डोक्याची ‘टोमोग्राफी’ करतात. ‘टोमो’ म्हणजे काप, ‘ग्राफी’ म्हणजे लेखन वा चित्रण. सुरीने न कापता मेंदूच्या कापांचे घेतलेले चित्र, एवढाच त्याचा अर्थ. ते चित्र निघेपर्यंत घरच्या घरी अ‍ॅस्पिरिनची गोळी चारणे धोक्याचे, कारण रक्तस्राव असल्यास ती तो वाढवील. गाठ विरघळविण्याचे औषध ज्यांना देता येते त्यांनाही ते लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि जितके लवकर तितके चांगले. म्हणून तोंड वाकडे झाले, हात गळाला, बोलणे अडखळले, की घड्याळ पाहावे, १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा आणि तेल चोळीत बसू नये.

‘हेमि’ आणि ‘सामि’ ह्यांचे नाते वर आलेच आहे. ते एकटे नव्हे. ज्या मंडळींनी मुंजीनंतर थोडेफार संस्कृत घोकले, त्यांना वैद्यकातील ग्रीक शब्द परके वाटण्याचे वस्तुतः कारण नाही. ‘हायपर’ म्हणजे आपले ‘उपरि’, ‘हायपो’ म्हणजे ‘उप’, खालचे, उणे. ‘पेरि’ म्हणजे ‘परि’, सभोवती : हृदयाभोवतीचे वेष्टन ते ‘पेरिकार्डियम’. ‘डिस’ म्हणजे ‘दुस्’. धाप लागणे ह्यास ‘डिस्प्निया’ म्हणतात, तेथे ‘दुःश्वास’ म्हटले तरी चालेल. ‘अ‍ॅनिमिया’त स्वरापूर्वी ‘अन्’ आला आहे, अगदी ‘अनादि’, ‘अनंत’ ह्या नियमाने, आणि अर्थ रक्ताची उणीव. ‘कार्डिया’ आणि ‘हृद्’, ‘ऑस्टिऑन’ आणि ‘अस्थि’, ‘ओडोंट’ आणि ‘दंत’ ह्या जोड्याही एकाच कुळातल्या. ‘एंटेरॉन’ म्हणजे ‘आंत्र’, घरगुती भाषेत आतडे. त्यामुळे जुने डॉक्टर विषमज्वराला ‘एंटेरिक फीवर’ म्हणत आणि मराठी लेखक ‘आंत्रज्वर’, तेव्हा दोघे एकच शब्द उच्चारीत होते.

नात्याहून वेगळाही एक योग आहे. मृत शरीरातील धमन्या रिकाम्या आढळतात, त्यामुळे प्राचीन ग्रीकांपैकी काहींनी त्या वायू वाहून नेतात असे मानले. श्वासनलिकेलाही त्यांच्या भाषेत धमनीचेच नाव होते. संस्कृतातील ‘धमनी’ हा शब्द ज्या धातूपासून आला त्याचाही अर्थ फुंकणे असाच. मधुमेहाची कथा तशीच. ‘डायबेटीस’चा अर्थ आरपार वाहून जाणे, आणि त्यापुढील ‘मेलिटस’ म्हणजे मधासारखा. लघवीच्या गोडपणाचे वर्णन इंग्लंडातील टॉमस विलिस ह्या वैद्याने १६७५ च्या सुमारास केले. संस्कृत ग्रंथांनी त्याच्या कितीतरी शतके आधी ‘मधुमेह’ असे नावच ठेवले होते.

ह्या मधुमेहाच्या संदर्भात ‘हायपर’ आणि ‘हायपो’ ह्यांतील अंतर जिवाशी येते. ‘ग्लायसीमिया’ म्हणजे रक्तातील साखर. ‘हायपर’ लागले की साखर वाढलेली, ‘हायपो’ लागले की उतरलेली. दूरध्वनीवर दोन्ही शब्द सारखेच ऐकू येतात. औषधावर असलेल्या रोग्याला एकाएकी दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले, तो भलतेसलते बोलू लागला, तर साखर उतरल्याचा संशय धरावा आणि तो शुद्धीवर असून गिळू शकत असल्यास साखरेचे पाणी तत्काळ द्यावे. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात काहीही घालू नये. ‘मधुमेह्याला साखर कशी द्यावी?’ असा वाद घालण्याची ती वेळ नव्हे.

शेपटाकडील शब्द थोडक्यात सांगता येतील. ‘आयटिस’ म्हणजे दाह. रोमन लेखक सेल्सस ह्याने त्याची चार लक्षणे सांगितली : लाली, सूज, उष्णता व वेदना. ‘अ‍ॅपेंडिसायटिस’, ‘आर्थ्रायटिस’, ‘ब्राँकायटिस’ ही त्याची पिलावळ. ‘एक्टोमी’ म्हणजे कापून काढून टाकणे. ‘ओस्टोमी’ म्हणजे तोंड पाडणे. ह्या दोहोंतील घोळ शस्त्रक्रियेच्या आधीच मिटवावा, कारण ‘कोलेक्टोमी’त मोठे आतडे काढतात आणि ‘कोलोस्टोमी’त त्याला पोटावर वाट करून देतात, आणि ह्याची कल्पना नसलेला रोगी शुद्धीवर येऊन पोटाकडे पाहतो तेव्हा हबकतो. ‘स्कोपी’ म्हणजे आत पाहणे, ‘अल्जिया’ म्हणजे दुखणे. बाकीचे शब्दकोशात सापडतात.

ग्रीकापेक्षा अधिक फसवितात ते ओळखीचे शब्द. तपासणीचा निकाल ‘पॉझिटिव्ह’ आला म्हणून पेढे वाटावयास निघालेली आणि ‘निगेटिव्ह’ आला म्हणून रडणारी माणसे कोणत्याही प्रयोगशाळेच्या दारात दिसतील. जे शोधत होते ते सापडले तर ‘पॉझिटिव्ह’, न सापडले तर ‘निगेटिव्ह’, एवढेच. ‘क्रॉनिक’ म्हणजे भयंकर नव्हे, दीर्घकाळचे. ‘अ‍ॅक्यूट’ म्हणजे एकाएकी उद्भवलेले. सर्दीही ‘अ‍ॅक्यूट’ असते. त्याचे ‘तीव्र’ असे मराठी भाषांतर करण्याची जी रूढी पडली ती ह्या बाबतीत घोटाळ्याचीच म्हणावी लागेल. भाषांतर झाले म्हणजे अर्थ कळला असे होत नाही. ‘थायरॉइड’ला ‘अवटु’ म्हटल्याने कोणाचे भले झाले? गळ्यातील ग्रंथी म्हणावे, काम भागते.

गोव्यातील वृद्धांची आणखी एक अडचण आहे. येथे १८४२ साली स्थापन झालेल्या वैद्यक विद्यालयात सारे शिक्षण पोर्तुगीजमधून चाले. १९६१ नंतर दोनच वर्षांनी, १९६३ मध्ये, त्याचे गोवा मेडिकल कॉलेज झाले व इंग्रजी आली. ज्यांच्या कानांना आधीची भाषा सवयीची, त्यांनी तीन शब्दांपासून जपावे. ‘कोंस्तिपासांव’ म्हणजे पोर्तुगीजमध्ये पडसे. इंग्रजीत तोच शब्द बद्धकोष्ठासाठी आहे. नाक वाहत असलेल्या आजोबांनी तरुण डॉक्टरला हा शब्द ऐकवावा आणि रेचक घेऊन घरी यावे, हे हसण्यासारखे खरे, पण आजोबांना नव्हे. ‘आंजिना’चे तसे हसण्यावारी नेता येत नाही. पोर्तुगीज बोलीत तो अनेकवचनी वापरला की घशाची सूज, इंग्रजी कागदावर आला की हृदयाला रक्त अपुरे पडल्याने छाती आवळणे. मूळ लॅटिन अर्थ आवळणे हाच, गळा की छाती एवढाच प्रश्न. तो कागद वाचून मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करीत बसल्यास काय होईल हे सांगावयास नको. तिसरा ‘त्रोंबोझ’. पोर्तुगीज बोलीत मेंदूच्या झटक्यालाच सर्रास असे म्हणतात. इंग्रजीत ‘थ्राँबोसिस’ म्हणजे रक्ताची गाठ, ती पायातही असू शकते.

शब्दांचा हा घोटाळा आजचा नव्हे. गार्सिया द ओर्ता ह्या पोर्तुगीज वैद्याने येथील औषधी द्रव्यांवर लिहिलेला ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. लॅटिनचा पंडित असूनही त्याने तो सर्वांस कळावा म्हणून पोर्तुगीजमध्ये लिहिला. त्यात उलट्या व जुलाब होऊन माणूस झपाट्याने खचतो अशा दुखण्याचे वर्णन असून त्याचे येथील नावही दिले आहे. ते नाव म्हणजे आपली ‘मोडशी’. पोर्तुगिजांच्या तोंडी तिचे ‘मोर्देशी’ झाले, आणि फ्रेंचांनी ते ऐकून त्यातून ‘मोर द शियां’, म्हणजे कुत्र्याचे मरण, असा अर्थ काढला. मोडणे ह्या साध्या क्रियापदापासून झालेला घरगुती शब्द समुद्रापलीकडे जाऊन इतका भेसूर झाला.

शेवटी औषधाच्या चिठ्ठीविषयी. ‘बी.डी.’ म्हणजे दिवसातून दोनदा, ‘टी.डी.एस.’ म्हणजे तीनदा, ‘एच.एस.’ झोपताना, ‘एस.ओ.एस.’ गरज पडल्यास, ‘ए.सी.’ जेवणापूर्वी, ‘पी.सी.’ जेवणानंतर. ही सारी लॅटिन वाक्यांची आद्याक्षरे. ‘ओ.डी.’ म्हणजे आपल्याकडे दिवसातून एकदा. डोळ्यांच्या चिठ्ठीवर मात्र त्याच अक्षरांचा अर्थ उजवा डोळा असा होतो. संधिवातावरील मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. ते चुकून रोज घेतल्याने माणसे दगावली आहेत. अशा गोळीचा वार चिठ्ठीवर डॉक्टरांकडूनच अक्षरांत लिहून घ्यावा.

भाऊंच्या घरी आता काकू डॉक्टरांच्या मेजासमोरून उठण्यापूर्वी कागद पुढे करतात आणि विचारतात, “डॉक्टर, हे काय लिहिले आहे ते मला कळेल असे सांगा.” मग डॉक्टर जे सांगतात ते त्या तेथेच मराठीत लिहून घेतात आणि घरी आल्यावर पंचांगाशेजारी टाचून ठेवतात. त्या चिटोऱ्यावर सर्वांत वर एक ओळ आहे : दाबाची गोळी, सकाळी एक, काळजी असो वा नसो.